तांड्यावरचं आभाळ

नलू मुनेश्वर बोरखडीच्या उपकेंद्रात नर्स होती. उपकेंद्र गावाबाहेर, घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, उघड्या माळावर बांधलेलं. पुढच्या खोल्यांत दवाखाना आणि मागच्या खोल्यांत नलूचं राहणं. दिवसा माणसांची ये-जा असे. संध्याकाळी आशा कार्यकर्ती उर्वशी आपली पिशवी घेऊन गावात निघून गेली की मग कुणी आलंच तर पोट दुखतं म्हणून, विंचू चावला म्हणून, नाहीतर फवारणीचं औषध पोटात गेलं म्हणून. नुसतं बोलायला कुणी येत नसे.

नलूची चाळिशी उलटून गेली होती. वडील लवकर गेले, तेव्हा नलू नुकतीच नोकरीला लागली होती. धाकट्या राजदीपचं शिक्षण तिनंच केलं. त्याची नोकरी, त्याचं लग्न, पुण्यातलं घर, एकेक होत गेलं आणि तिच्या लग्नाचा विषय मागे पडला तो पडलाच. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. राजदीपही बोलला नाही.

कॅमेरा राजदीपचाच. त्यानं नवा घेतला तेव्हा जुना तिला आणून दिला. "ठेव ताई, तुझा वेळ जाईल," असं म्हणाला. ते वाक्य तिला थोडं लागलं होतं, म्हणून बरेच दिवस कॅमेरा कपाटातच राहिला. मग एका पोलिओच्या रविवारी तिनं तो बाहेर काढला आणि लेकरांचे फोटो काढले. त्याचा तिला फार मनस्ताप झाला. ज्याचा काढला त्याला कॉपी हवी, ज्याचा नाही काढला तो रुसला, आणि कॉपी मिळाली तर फोटोत काळी आली म्हणून बाया नाराज. नलूनं माणसांचे फोटो सोडून दिले.

आभाळाचं काही म्हणणं नव्हतं. श्रावणातल्या एका संध्याकाळी ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली, तर पश्चिमेला ढगांच्या खालून उजेड आला होता आणि पूर्वेकडचं सगळं आभाळ जांभळं होऊन माळावर वाकलं होतं. ती कपडे टाकून कॅमेरा आणायला धावली. फोटो काही धड आला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गच्चीवर गेली, तिसऱ्या दिवशीही, आणि मग ते सुरूच झालं.

ढगांची पुस्तकातली नावं तिला ठाऊक नव्हती. तिनं आपल्यापुरती नावं ठेवली होती. पिंजलेले, नांगरलेले, खवल्यांचे, आणि एक प्रकार नुसताच 'आळशी', दुपारभर जागचे न हलणारे. आश्विनातले ढग सगळ्यात चांगले, हेही तिला कळलं. उन्हाळ्यात महिनेच्या महिने काही नसे, नुसता पांढरा उजेड. तरी ती वर जाऊन यायची.

पण हे उघडपणे करण्यासारखं नव्हतं. ती वर्षं अशी होती की साऱ्या जिल्ह्याची नजर आभाळाकडे, आणि ती एकाच गोष्टीसाठी. नलू कॅमेरा वर करून उभी दिसली की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवायचा. "पाणी येते का, सिस्टर? तुमच्या मशीनमंधी काय दिसून राह्यलं?" सुरुवातीला ती हसायची. एका वर्षी दुबार पेरणीच्या वेळी एक म्हातारा बराच वेळ तिच्या शेजारी उभा राहिला, काही न विचारता, आणि तसाच निघून गेला. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

उर्वशीनं तर सरळच विचारलं. "मॅडम, कायले काढता ढगायचे फोटो? त्यात हाये काय?"

"काही नाही," नलू म्हणाली. "असंच."

तेव्हापासून ती उर्वशी गेल्यावरच वर जाऊ लागली.

यवतमाळला मीटिंग असली की ती काही फोटो धुऊन आणायची. दिवाळीत पुण्याला गेली तेव्हा तिनं ते सोबत नेले. राजदीपनं दोन-चार पाहिले, "छान आहेत ताई," म्हणाला, आणि त्याला फोन आला. त्याची मुलगी मैत्रेयी सगळा गठ्ठा भराभर उलटून म्हणाली, "आत्या, यात माणसं कुठेत?" आणि खेळायला पळाली. नलूनं फोटो पुन्हा पिशवीत घातले. परतीच्या बसमध्ये तिनं ते एकदा काढून पाहिले. शेजारची बाई झोपली होती.

गारपीट झाली ती फेब्रुवारी संपता संपता. नलू एका लांबच्या गावाहून लसीकरण करून स्कूटीवर परत येत होती. दुपारपासून उकडत होतं. वाटेत बर्डी लागते, खुरट्या सागाची टेकडी. तिच्या माथ्यावर रस्ता वळतो आणि तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. बोरखडी एका बाजूला, आणि पलीकडे नाल्याकाठी खेमसिंग नायकाचा बंजारा तांडा. नलू वळणावर आली आणि तिनं गाडी थांबवली.

असं आभाळ तिनं कधी पाहिलं नव्हतं. तांड्यावर एक ढग उभा होता, इतका उंच की माथा पाहायला मान मागे टाकावी लागत होती. त्याचं पोट हिरवट काळं, आणि त्या पोटाला खाली लोंबणाऱ्या गोल गोल थैल्या. मागून सूर्य आला होता, त्यामुळे प्रत्येक थैलीची कड सोन्यासारखी पेटलेली. खाली जमिनीपर्यंत एक पांढरा पडदा उतरला होता. बर्डीवर वारासुद्धा नव्हता. लांबून काहीतरी घरघरत होतं, जसं दूरच्या कापसाच्या जिनिंगचं मशीन.

नलूनं लसीचा डबा खाली ठेवला आणि फोटो काढायला सुरुवात केली. भीती वाटत होती की आनंद, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. पडदा पुढे सरकला, थैल्या विरघळल्या, उजेड गेला, तोपर्यंत ती काढत राहिली. मग पावसाचे मोठे थेंब आले तेव्हा कॅमेरा पदराखाली घेऊन ती निघाली.

पांढरा पडदा म्हणजे काय होतं, ते तिला उपकेंद्रात पोचल्यावर कळलं. अंधार पडायच्या आत तांड्यावरची माणसं येऊ लागली. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाच्या पाठीवर वळ. लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या. शेरडं मेली, हरभरा मातीत गेला, गव्हाच्या ओंब्या तुटून पडल्या. किसनसिंग राठोडला बैलगाडीत घालून आणलं. टिनाचा पत्रा उडताना त्याच्या कपाळावर लागला होता. नलूनं जखम साफ करून पट्टी बांधली आणि त्याला घाटंजीला टाके घालायला पाठवलं. त्याची बायको हंसाबाई तान्ह्या नातवाला छातीशी धरून बाकावर बसली होती. तिची ओढणी चिंब होती. पत्र्याबरोबर घरातला कापूसही गेला होता. यंदा भाव नव्हता, वाढेल म्हणून तो विकला नव्हता, छतापर्यंत भरून ठेवला होता. त्याच्यावर गारा आणि मग रात्रभर पाऊस.

ते फोटो नलूनं कितीतरी दिवस उघडले नाहीत. उघडले तेव्हा त्यातला एक पाहून ती खुर्चीतच बसून राहिली. इतक्या वर्षांत असा एकही आला नव्हता. आणि हा कुणाला दाखवायचा, हे तिला कळेना.

यवतमाळच्या स्टुडिओतल्या सलीलनं तो पाहिला. सलील तिच्यापेक्षा लहान, बोलका, कॅमेऱ्याचं वेड असलेला. फोटो धुवायला टाकताना त्याची नजर पडली आणि तो थांबला.

"ताई, हा कुठला?"

"आमच्याकडला. घाटंजीकडला."

"ऑगस्टमध्ये आमचं प्रदर्शन आहे. हा मला द्या. मोठा करून लावतो."

नलू नको म्हणाली. मग दोनदा फोन आला, तेव्हा हो म्हणाली. खरं तर तिला हो म्हणायचंच होतं.

प्रदर्शनाला राजदीप येणार होता. आदल्या दिवशी त्याचा फोन आला की ऑफिसमधून निघता येत नाही. नलू नवीन साडी नेसून एकटीच एसटीनं गेली. हॉलमध्ये वाघ होते, लग्नातल्या नवऱ्या होत्या, म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले चेहरे होते, आणि एका भिंतीवर तिचं आभाळ होतं, दाराएवढं. खाली पाटी: 'सोहळा'. छायाचित्र: नलू मुनेश्वर, बोरखडी.

हे नाव तिनं दिलेलं नव्हतं. ती सलीलला शोधत गेली.

"सोहळा काहून लिहिलं?"

"अहो ताई, दिसतोच तसा. नाव दिलं नाही तर लोक थांबत नाहीत."

"त्या दिवशी तिथं गारा पडल्या होत्या. लोकायची डोकी फुटली."

सलीलनं भिंतीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "आता पाटी बदलायची म्हणजे... उद्या बघतो." त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

नलू भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. लोक येत होते, क्षणभर थांबत होते, पुढे जात होते. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "हे परदेशातलं असेल." नलूनं तोंड उघडलं, पण ती दोघं वाघापाशी पोचली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती परत आली. सलीलनं पाटी बदलली की नाही ते तिला कळलं नाही. पेपरवाल्यांनी मात्र फोटो छापला, आणि खाली नाव, गाव आणि 'सोहळा'.

पेपर उर्वशीनंच आणला. तिला आनंद झाला होता, तिनं तो दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवला. नलूनं दुपारी तो काढून टाकला. पण पेपर तांड्यावरही जातो.

त्याच आठवड्यात लसीकरणाच्या दिवशी हंसाबाई नातवाला घेऊन आली. सुई झाली, लेकरू रडून शांत झालं, बाकीच्या बाया निघाल्या. हंसाबाई उठली नाही. तिनं ओढणीच्या गाठीतून घडी केलेला पेपर काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला.

"सिस्टर, हे तुम्ही काढलं व्हय?"

"हो."

"आमच्या तांड्यावरचं?"

"हो." नलू घाईनं म्हणाली, "ते नाव मी नाही दिलं, हंसाबाई. ते त्यायनं टाकलं."

हंसाबाईनं नावाकडे पाहिलंच नाही. तिला वाचता येत नव्हतं; फोटो कुणाचा ते तांड्यावर कुणीतरी वाचून सांगितलं असावं. "तुम्ही कुठं होत्या?"

"बर्डीवर. येऊन राह्यली होती. तिथून दिसलं."

"तिथून हे असं दिसत होतं?"

"हो."

हंसाबाई पेपरावर वाकली. कागद काळपट छापलेला, तरी थैल्या दिसत होत्या. "आमाले तं काईच नाई दिसलं," ती म्हणाली. "मी याले पोटाखाली घेऊन बाजंखाली होती. डोळे मिटून. टिनाचा आवाज असा का कानात बोटं घातली तरी आत येऊन राह्यला. मंग टिन गेलं तं आवाज गेला अन् मार सुरू झाला." तिनं बोट फिरवलं. "आमचं घर कुठं हाये यात?"

"दिसत नाही. या पांढऱ्याच्या मांगं. इथं असंन," नलूनं जागा दाखवली.

हंसाबाईनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. लेकरू कागद ओढायला लागलं तेव्हा तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"लय साजरं हाये," ती म्हणाली.

नलूला वाटलं ती टोमणा मारते आहे. तिनं चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

"मले हे मोठं देता का? पेपरात बरोबर दिसत नाई."

"तुमाले कायले पायजे?"

हंसाबाईनं पेपराची घडी घातली. "घरच्यायले दाखवाचं हाये. त्या दिवसापासून ते एकच म्हणते. टिन मी बसवलं होतं, दगड कमी ठेवले, चांगलं बांधलं असतं तं उडालं नसतं. मी म्हणतो, साऱ्या तांड्याचे उडाले. तं म्हणते, दुसऱ्याचं मले नको सांगू. जेवाले बसते अन् वर पाह्यते. बोलत नाई कोणाशी. मले वाटलं, हे दाखवाव. किती मोठं होतं ते."

नलूनं होकारानं मान हलवली.

प्रदर्शन संपल्यावर सलीलनं तो मोठा फोटो एसटीच्या पार्सलनं पाठवला. नलूनं तो स्कूटीवर बांधून तांड्यावर नेला. पोळा नुकताच झाला होता, सगळीकडे चिखल होता. किसनसिंग घरासमोर बाजेवर बसला होता. कपाळावर व्रण. छपरावर नवे पत्रे, आणि त्यांवर इतके दगड की पत्रे दिसत नव्हते.

हंसाबाईनं फोटो भिंतीला टेकवून ठेवला. किसनसिंगनं एकदा पाहिलं आणि मान वळवली. नलूला वाटलं, आपण यायलाच नको होतं. हंसाबाई चहा करायला आत गेली. काही वेळानं तो उठला, फोटोसमोर उकिडवा बसला. बराच वेळ बसला.

"हे नाल्याकाठचं चिंचंचं झाड व्हय?" त्यानं कोपऱ्यातल्या एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"तेच असंन."

"हे चिंच एवढीशी. अन् हे..." तो वरपर्यंत बोट नेऊ लागला, आणि हात संपला तरी ढग संपला नाही. त्यानं हात खाली घेतला. "एवढं होतं?"

"एवढं होतं, दादा. फोटोत पुरं मावलंही नाही."

तो पाहत राहिला. मग नलूकडे न पाहता म्हणाला, "तुमाले भेव नाई लागलं? एकट्याच होत्या नं बर्डीवर?"

ह्या फोटोबद्दल, किंवा कुठल्याच फोटोबद्दल, तिला असं कुणी काही विचारलं नव्हतं. फोटो पाहून लोक फोटोबद्दल बोलायचे. तो काढताना तिथं कुणीतरी उभं होतं हे कुणाच्या मनात यायचं नाही.

"लागलं," ती म्हणाली. "लय लागलं. पण नजर हटत नव्हती."

किसनसिंगनं मान डोलावली, जणू त्याला ते समजलं. हंसाबाईनं चहा आणला. तिघांनी तो प्यायला. फोटोकडे मधून मधून कुणीतरी पाही. निघताना नलूनं पाहिलं, तो छपराकडे नव्हे, माळावरच्या मोकळ्या आभाळाकडे पाहत होता. त्याचं पुढे काय झालं, मनातली ती गोष्ट गेली की राहिली, हे तिला कळायला मार्ग नव्हता. हंसाबाई पुढच्या वेळी एवढंच म्हणाली, "आता जेवते बरोबर."

त्यानंतर महिनाभर नलूला बरं वाटलं. हंसाबाई बाजाराच्या दिवशी घाटंजीहून परतताना उपकेंद्रावर थांबायची, आणि नलू तिला कॅमेऱ्यातले नवे ढग दाखवायची. हंसाबाईची आवड पक्की होती. आळशी ढग तिला मुळीच आवडत नसत. "हे काई करत नाई, सिस्टर," असं म्हणून ती पुढचा दाखवायला सांगायची. नांगरलेले पाहिले की हसायची. उर्वशीही एकदा मान वाकवून पाहू लागली.

दसऱ्यानंतर कापूस वेचायला आला, तोही अर्धाच. पाऊस मध्येच दडी मारून बसला होता. दिवाळी झाली आणि ऊसतोडीचा मुकादम तांड्यावर आला. किसनसिंग आजवर कधी गेला नव्हता. यंदा घरदारासकट गेला. ट्रक पहाटे निघाला, नलूला दुपारी कळलं. तांड्यावर दुसऱ्या कामानं गेली तेव्हा तिनं पाहिलं, घराला कुलूप होतं. खिडकीच्या फटीतून आत काही दिसलं नाही. फोटो ते सोबत घेऊन गेले की आत ठेवून गेले, हे शेजाऱ्यांना माहीत नव्हतं.

हिवाळ्यात आभाळ रिकामं असतं. नलू तरी वर जायची. काही दिसलं तर काढायची, खाली येऊन एकदा पाहायची आणि कॅमेरा बंद करायची. पूर्वी यानं तिचं भागत असे. आता एखादा चांगला आला की तिचं लक्ष आपोआप फाटकाकडे जाई, आणि बाजाराच्या दिवशी ते जास्तच जाई.

जानेवारीत एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तुटत होता. मागे ट्रॅक्टर चालू होता.

"सिस्टर, मी हंसा. मुकादमाच्या फोनवरून बोलून राह्यली. लेकराची सुई राह्यली नं एक?"

"हो, गोवरची. तिथं कुठं दवाखाना आहे का जवळ?"

"हाये म्हणते. देतीन का आमाले?"

"देतीन. कार्ड दाखवा. नाही म्हटलं तर मले फोन लावून द्या, मी बोलतो त्यायच्याशी." नलूनं विचारलं, "किसनसिंग दादा कसे आहे?"

"बरे हाये. मोळ्या वाह्यते." मग ट्रॅक्टरच्या वर आवाज चढवून ती म्हणाली, "सिस्टर, इकडे काल लय साजरं आभाळ होतं. खवल्याचं. पुरं लाल झालं होतं. मी यायले म्हटलं, सिस्टर असत्या तं..."

फोन कटला. नलूनं तो नंबर परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तेव्हा मुकादमानं उचलला आणि बाई उसात गेली म्हणाला.

ती गच्चीवर गेली. आभाळ स्वच्छ होतं, एकही ढग नाही, तांड्याकडची बाजू नुसती राखाडी होत चाललेली. कॅमेरा हातात होता, तो तिनं उघडला नाही. पाण्याच्या टाकीला पाठ लावून ती बसली आणि खवल्याचं लाल आभाळ उसाच्या फडावर कसं दिसलं असेल ते मनात आणायचा प्रयत्न करत राहिली. ऊस तिनं फारसा पाहिलेला नव्हता. गार वारा सुटला तेव्हा ती उठून खाली आली आणि एकटीपुरता भात चढवला.